आतून का भायरून?

दाराच्या चौकटीला एक हात, दुसरा कमरेवर आणि मान जराशी तिरकी. कुणीही खोलीशी गेलं की नाना असे आडवे उभे राहायचे आणि विचारायचे, "आतून का भायरून?"

प्राचार्य आले तरी हाच प्रश्न आणि कुत्रं आलं तरी हाच. एका पावसाळ्यात त्यांच्या खोलीचं छत गळायला लागलं. शिपाई बादली घेऊन धावत आला, तर नाना वर बघत त्यालाच विचारतात, "हे आतून गळतंय का भायरून?" शिपाई म्हणाला, "नाना, आदी बादली तर धरा!"

नाना म्हणजे आमच्या कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस. कागदोपत्री पद तांत्रिक सहायकाचं, पण स्वतःची ओळख ते 'सरवरवाले' अशीच करून द्यायचे. कॉलेजातून जाणारी आणि कॉलेजात येणारी प्रत्येक मेल त्यांच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीतून जायची. त्या खोलीची आणि माझ्या ग्रंथालयाची मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे ते शिंकले तरी मला कळायचं, आणि मी कुणावर ओरडले की पलीकडून आवाज यायचा, "ताई, आस्ते!"

मला ते ताई म्हणायचे, कारण माझं माहेर दिंद्रुडचं आणि त्यांची आत्याही तिथेच दिलेली. एवढं नातं त्यांना पुरलं.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, तर तो गरीब, अबोल, खाली मान घालून काम करणारा असेल असं तुम्हाला वाटेल. आमचे नाना तसले नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा, कानात अत्तराचा बोळा आणि तोंडात सतत स्वतःचं कौतुक. "जिल्ह्यात असलं सरवर कुनाकडं न्हाई, ताई. लिनक्स हाय हे. इंडोज न्हाई, रडायला." दोन बोटांनी टाइप करायचे, पण असं की बाजाची पेटी वाजवतायत. दर चतुर्थीला लिंबागणेशला जायचे आणि तिथला प्रसाद आधी सर्व्हरपुढे ठेवून मग आम्हाला द्यायचे. एका दसऱ्याला त्यांनी त्या पेटीला झेंडूचा हार घातला. पाकळ्या पंख्यात गेल्या आणि अख्ख्या कॉलेजचं टपाल बंद पडलं. प्राचार्य भडकले. नाना म्हणाले, "सायेब, लक्ष्मीला हार घालायचा न्हाई तर कुनाला घालायचा?"

उन्हाळ्यात तर त्यांच्या खोलीची मजाच. कॉलेजात एसी तेवढ्याच खोलीत, कारण सर्व्हर तापतो. मग मे महिन्यात जो तो 'सर्व्हर बघायला' जायचा. सर्व्हरमध्ये बघण्यासारखं काय असतं? दोन हिरवे दिवे. ते बघत लोक तासन्‌तास बसायचे आणि नाना त्यांना चहा पाजत आपली थोरवी ऐकवायचे.

आता त्यांच्या त्या प्रश्नाची गोष्ट सांगते. नानांचं घर मेंढपाळाचं. वडील गेले आणि आता भाऊ मेंढरं राखतो. लहानपणी संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी वडील असेच आडवे उभे राहायचे. रानातून येणाऱ्या एकेका मेंढराचा कान बघून आत सोडायचे. दुसऱ्या कळपातलं मेंढरू कानावरच्या खुणेवरून ओळखू यायचं. पण सकाळी वाड्यातून बाहेर पडणाऱ्या मेंढरांचे कान कोणी बघत नसे. "आतून आलं ते आपलंच," नाना सांगायचे. "त्याचा कान कावून बगायचा?"

सर्व्हरही त्यांनी तसाच ठेवला होता. घरून, गावाहून, कॉलेजच्या बाहेरून कुणी मेल पाठवायला गेलं तर पेटी नाव आणि पासवर्ड मागायची. पण कॉलेजच्या आवारातल्या कॉम्प्युटरवरून पाठवलं तर काही विचारायची नाही. पाठवणाऱ्याच्या जागी जे नाव लिहाल ते घ्यायची आणि मेल रवाना करायची.

खरं म्हणजे सुरुवातीला त्यांनी सगळ्यांनाच पासवर्ड लावला होता. त्या दिवशी कचेरीत जो गोंधळ झाला तो मी भिंतीतून ऐकलाय. आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, तणतणत आले. "माझे केस पांढरे झाले बे इथं! आन्‌ हे मशीन मला इचारतंय, तू कोन म्हनून? घरच्या मानसाला वळख मागता व्हय?"

रागाचं खरं कारण वेगळं होतं. आमच्या संस्थेत सगळं टपाल साहेबांच्या नावाने जातं. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. आमंत्रण साहेबांचं, अभिनंदन साहेबांचं, शोकसंदेशही साहेबांचा. साहेबांच्या नावाशिवाय कागदाला वजन येत नाही, अशी इथली रीत आहे. साहेब स्वतः कधी मेल लिहीत नाहीत. त्यांच्या नावाने बडे बाबू लिहितात, परीक्षा विभाग लिहितो, वसतिगृहाचा रेक्टरही लिहितो. एकदा तर साहेबांच्या वाढदिवसाला साहेबांनाच साहेबांच्या पत्त्यावरून शुभेच्छा गेल्या. साहेब खूश. "कोणी लिहिलंय? चांगलं लिहिलंय," म्हणाले.

आता ज्याचा पत्ता त्याचाच पासवर्ड असं केलं तर ही सगळी मंडळी साहेब कशी होणार? म्हणून बडे बाबूंनी दम दिला, आणि नानांनी आतल्या माणसांना सूट देणारी एक ओळ सर्व्हरमध्ये लिहिली. मी त्यांना तेव्हाच विचारलं होतं, "आणि आतल्याच कोणी लबाडी केली तर?"

नाना मनापासून हसले. "ताई, मेंढरू कदी दुसऱ्या मेंढराच्या नावानं वरडतं का?"

ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

बॉटनीच्या मॅडम एका सकाळी ग्रंथालयात आल्या. हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. माझ्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"ताई, माझा राजीनामा मंजूर झालाय."

"अगं, दिलास कधी?"

"तेच विचारायला आलेय."

मी मोबाइल हातात घेतला. तिच्या पत्त्यावरून प्राचार्यांना मेल गेली होती, 'मी कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.' खाली तिचं नाव. त्याखाली प्राचार्यांचं उत्तर की संस्थेने राजीनामा स्वीकारला आहे, शुक्रवारच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब होईल. माणूस वर्गात उभं राहून पानाच्या शिरा शिकवतोय, आणि त्याच वेळी त्याची नोकरी त्याच्याच नावाने कोणीतरी सोडून मोकळं झालंय! नवरा अपघातानंतर घरीच, दोन मुली लातूरला शिकतायत, अशा बाईला स्वखुशी कसली? आणि साहेबांच्या पुतणसुनेने बॉटनीतच एम.एस्सी. केलंय, तिला जागा हवीय, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही दोघी पलीकडे गेलो. नाना दारात आडवे. पण माझा अवतार बघून प्रश्न न विचारताच बाजूला झाले.

ऐकून आधी हसले. "म्याडम, तुमीच धाडला असंल. टेन्शनमदी मानूस इसरतं. माझ्या सरवरातून खोटं टपाल जातच न्हाई."

"नाना," मी म्हटलं, "आधी बघा, मग बोला."

त्यांनी कॉम्प्युटर उघडला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकायला लागल्या. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची नोंद तिथे राहते. दोन बोटं चालत होती, चालत होती आणि मग थांबली.

"आतून," नाना म्हणाले.

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच प्रश्नाशिवाय ऐकला. मेल कचेरीतून गेली होती, बडे बाबूंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. मॅडम त्या वेळी वर्गात होत्या. नाना खुर्चीत मागे रेलले आणि बराच वेळ त्या दोन हिरव्या दिव्यांकडे बघत राहिले. घाम आला होता. एसीत, त्या गार खोलीत त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाला घाम आला होता.

"आपलं मानूस?" ते म्हणाले. "आपलंच मानूस असं करतंय?"

मॅडम रडायला लागल्या. मला रडू येत नव्हतं, मला कोणालातरी बदडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "शुक्रवारी बैठकीत तुम्ही सांगा."

नाना हळू आवाजात म्हणाले, "सांगतो म्हनलं तर माझंच दार उगडं व्हतं असं सांगावं लागंल, ताई. मग हे सरवर माझ्याकडं ठिवतील का? माझ्याकडं ह्याबिगर हाय काय?"

ते खोटं नव्हतं. ज्या पेटीच्या जोरावर हा माणूस तालुकाभर ताठ मानेने फिरत होता, तीच कुलपाशिवाय होती, हे त्यांना भर बैठकीत सांगावं लागणार होतं. न सांगितलं तर मॅडम घरी बसणार होत्या.

गुरुवारी दुपारी बडे बाबू त्यांच्या खोलीत आले. मी पुस्तकांना नंबर टाकत होते, ते ठेवून दिले आणि भिंतीला कान लावला. लाज वाटली नाही.

"नाना, उद्या एकच इचारतील. मेल म्याडमच्याच पत्त्यावरून आली का? तुमी हो म्हना आन्‌ बसा. खोटं थोडंच हाय ते?"

बडे बाबू गेल्यावर पलीकडून अत्तराची बाटली उघडल्याचा, मग पुन्हा बंद केल्याचा आवाज आला. मला रात्रभर धड झोप नाही.

शुक्रवारी सभागृहात सगळे विश्वस्त बसलेले. कर्मचाऱ्यांतर्फे मी. समोर मॅडम, पदर मुठीत धरून. बडे बाबू लॅपटॉपवर बैठकीचा वृत्तांत लिहीत होते. साहेबांनी नानांना उभं केलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मेल यांच्याच पत्त्यावरून आली ना?"

"पत्ता त्यांचाच हाय, सायेब."

मॅडमनी डोळे मिटले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. ती मी नानांच्या डोक्यात घालणार होते, हे मी इथे कबूल करते.

"एक दाखवतो, सायेब," नाना म्हणाले. "बडे बाबू, जरा सरका." आणि बडे बाबू उठायच्या आतच ते त्यांच्या लॅपटॉपशी बसलेसुद्धा. दोन बोटं. टक, टक, टक. सगळे बघतायत. कोणालाच काही उमजत नव्हतं.

मग एकेकाचा मोबाइल वाजला. कोपऱ्यातल्या एका वयस्क विश्वस्तांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं, "मी कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहे." खाली साहेबांचं नाव आणि वर साहेबांचा पत्ता. वाचून त्यांचा आवाज कापायला लागला. "सायेब, हे काय केलंत? आमाला इचारायचं तरी!" त्यांच्या शेजारच्यांनी तर "मग आता अध्यक्ष कोन?" असं विचारूनसुद्धा घेतलं.

मी आयुष्यात खूप शांतता ऐकली आहे, ग्रंथालयातच नोकरी आहे माझी. पण तसली शांतता पुन्हा ऐकली नाही.

"पत्ता तुमचाच हाय, सायेब," नाना म्हणाले. "मंजूर करायचा का?"

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. नाना उभे राहिले. "आतल्या मानसाला माझं सरवर कोन म्हनून इचारत न्हाई. म्याच तसं ठिवलंय. चूक माझी हाय, सायेब. पन हा राजीनामा खोटा असंल तर म्याडमचाबी खोटाच."

साहेब मोठ्याने हसले. बाकी कोणीच हसलं नाही. "रद्द करा दोन्ही," ते म्हणाले, आणि चहा मागवला. बडे बाबूंनी वृत्तांतात काय लिहिलं देव जाणे. मॅडम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होत्या आणि मी दारातून बाहेर पडणाऱ्या नानांच्या पाठीकडे बघत होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

त्याच दुपारी नानांनी ती ओळ पुसून टाकली. आता आतला असो की बाहेरचा, पासवर्ड दिल्याशिवाय मेल जाईना. आणि नुसता पासवर्ड देऊन भागत नव्हतं. ज्याचा पासवर्ड त्याचाच पत्ता, दुसऱ्याचं नाव लिहिलं की मेल परत. प्रत्येकाला बोलावून त्यांनी पासवर्ड घालायला लावला, स्वतः पाठ फिरवून उभे राहिले.

मग जी तारांबळ उडाली! परीक्षा विभाग साहेब होऊ शकेना, रेक्टर साहेब होऊ शकेना. मेलमागून मेल परत यायला लागली, 'हा पत्ता तुमचा नाही.' कुठल्याशा दहाव्याला साहेबांचा शोकसंदेश पोचला नाही म्हणून तिकडचे भाऊबंद रुसले. स्टाफरूममध्ये लोक नानांना बघून बोलायचे थांबू लागले. एसीत बसायला कोणी येईना, तेही मे महिन्यात! ज्यांना त्यांनी चहा पाजला तीच माणसं मला सांगायची, "ताई, लई कडक केलं हो नानांनी. घरच्यासारखं राहिलं न्हाई." मी सुन्न होऊन ऐकायची. मॅडमच्या जागी आपलंही नाव असू शकत होतं, हे एकालाही सुचत नव्हतं?

महिना संपायच्या आत नानांची बदली झाली. तलवाड्याला, संस्थेच्या शाळेत. तिथले कॉम्प्युटर अजून खोक्यांतच होते. निघताना त्यांनी कंगवा खिशात घातला, अत्तराची बाटली घेतली, आणि माझ्या दारात आले. या वेळी त्यांनी चौकटीला हात लावला नाही.

"ताई, एक ध्यानात ठिवा. कदी पासवर्ड न मागता तुमची मेल गेली, तर समजा कुनीतरी दार उगडलं."

"कोण उघडणार आता?"

"कुनी न्हाई उगडनार," ते म्हणाले. "लई पक्कं केलंय म्या." आणि मला धीर द्यायला हसले.

दिवाळीची सुट्टी संपवून मी कामावर आले. नव्या पुस्तकांची यादी प्राचार्यांना पाठवायला बसले, पाठवलीही, आणि बटणावरचं बोट तसंच राहिलं. पासवर्ड मागितलाच नव्हता. मी सगळं बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. मग पाठवणाऱ्याच्या जागी बॉटनीच्या मॅडमचा पत्ता लिहिला आणि मेल मलाच पाठवली. दुसऱ्या क्षणी ती माझ्यापुढे हजर, मॅडमच्या नावाने.

मी प्राचार्यांकडे धावले. ते म्हणाले, "अहो, सुट्टीत शहरातून कंपनीचा माणूस बोलावला होता. आतल्या माणसाला आता पासवर्ड लागत नाही. किती सोयीचं झालंय बघा!"

सोयीचं.

आणि मग परवा दुपारी सगळ्या स्टाफचे मोबाइल एकदम वाजले. नानांच्या पत्त्यावरून मेल होती.

'मी कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.'

शब्दसुद्धा बदलायची तसदी कोणी घेतली नव्हती. मी स्टाफरूममध्ये गेले. भरलेली खोली, जो तो आपापल्या मोबाइलकडे बघतोय, आणि एकही मान वर होत नाही. मी ओरडले, "अरे, बोला की कोणीतरी!" कोणीतरी पंखा वाढवला. फक्त बॉटनीच्या मॅडम उठल्या, माझा हात धरला, आणि आम्ही दोघी तडक साहेबांकडे गेलो.

साहेबांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पूर्ण ऐकून घेतलं. मग त्याच गोड आवाजात विचारलं, "मेल त्यांच्याच पत्त्यावरून आली ना?"

"माझीही तशीच आली होती, साहेब," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं काही म्हणणं असेल तर येऊन सांगू द्या त्यांना," साहेब म्हणाले आणि चहा मागवला. आम्ही चहा न घेता उठलो.

बाहेर पायरीवर बसून मी नानांना फोन लावला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "नाना, आत्ताच्या आत्ता निघा. तुम्ही फक्त समोर येऊन 'मी दिला नाही' एवढं म्हणा. बाकी आम्ही दोघी बघतो. मी उपोषणाला बसते, नाना, पण तुम्ही या."

पलीकडे शाळा सुटल्याचा गलका चालू होता. नानांनी विचारलं, अगदी हळू, "ताई, आतून का भायरून?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"आतून, नाना."

"मग आपलंच हाय की ते," नाना म्हणाले, आणि फोन ठेवला.

ते आले नाहीत.